लाल गाडीचा पिवळा दिवा

रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

हितेंद्रने गाडी आणून अंगणात लावली आणि चहासुद्धा न घेता स्टेशनवर पळाला! सहा महिने जहाजावर. मुंबईत गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून जळगावला बहिणीच्या दारात. लाल, बुटकी, माजोरडी गाडी. चालू केली की ओट्यावरची भांडी थरथरतात.

"अक्का, आठवड्यातून एकदा चालू कर. गल्लीत एक फेरी मार. जास्त पळवू नको."

पळवू नको! कुणाला सांगतोय हा? तीस वर्षं मी व्यासपीठावरून घसा फोडून सांगते आहे — एसटी वाचली तर गाव वाचेल, आणि एका माणसासाठी चार माणसांची जागा अडवणारी खाजगी गाडी हा शुद्ध माज आहे. याने ही गाडी घेतली तेव्हा तीन महिने बोलले नव्हते त्याच्याशी.

किलोमीटरचा आकडा लिहून ठेवते : ६२,४१०. उद्या कुणी काही म्हणायला नको.

माय ओट्यावरून गाडी बघत होती. म्हणाली, "लगीन करं नही, गाडी करी लिधी!"

रविवार, २३ फेब्रुवारी

चालू केली. पाच मिनिटं. बंद केली. मूर्ख यंत्र.

रविवार, ३० मार्च

पाडवा. जे झालं ते फक्त इथेच लिहिणार.

मायला गल्लीत फिरवून आणायचं ठरलं होतं. गल्ली संपली. मी थांबले नाही. पाळधी गेलं, एरंडोल आलं. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना काढणीला आलेला गहू. मी आपली जपून चालवत होते, तर शेजारून माय — वय वर्षं ब्याऐंशी — "हाई काय बैलगाडी शे? जोरमा चाल ना!"

पाय दाबला.

पाठ सीटला चिकटली. पोटात काहीतरी मागे राहिलं आणि आम्ही पुढे गेलो! मी एकोणसाठ वर्षांची बाई, निवृत्त प्राध्यापिका, भर रस्त्यावर हसत सुटले. माय तर पदर तोंडाला लावून हसत होती. येताना जिलेबी घेतली.

शुक्रवार, १८ एप्रिल

या महिन्यात चार वेळा. धरणगाव, चोपडा, परत धरणगाव, परत चोपडा. मी डोक्यापासून हनुवटीपर्यंत स्कार्फ बांधते. माय पुढच्या सीटवर, मांडीवर शेवेचा पुडा. काल संध्याकाळी बसस्थानकासमोरच्या सभेत एसटीवर पाऊण तास बोलले, टाळ्या थांबेनात. आज सकाळी गाडी धुतली.

दोन्ही खरं आहे. एसटी वाचलीच पाहिजे. आणि ही गाडी पळते तेव्हा मी वीस वर्षांची होते. यातलं कुठलं खोडू?

बुधवार, १४ मे

हितेंद्रचा फोन, कुठल्याशा बंदरातून. कानबाईच्या सणाला येतोय, एक ऑगस्टला. "नाशिकचा एक जण गाडी बघायला येईल. विकून टाकतो. तसाही उपयोग काय?"

माझ्या तोंडून गेलं, "बरंच होईल."

माय भेंडी चिरत होती. हात थांबला.

मंगळवार, ३ जून

दिवा लागला! चोपड्याहून येताना. काट्यांच्या मधोमध, इंजिनच्या आकाराचा, पिवळा. गाडी धापा टाकायला लागली, पेट्रोलचा वास, मागची नळी आतून काजळलेली.

मी केलं हे. तापीच्या पुलानंतरच्या सरळ रस्त्यावर काटा जिथे न्यायला नको तिथे नेला होता. माय "आखो, आखो" म्हणत होती, अजून जोरात म्हणून — पण चालवत मी होते. भावाने विश्वासाने ठेवलेली गाडी, विकायची ठरलेली गाडी, आणि मी तिचा जीव घेतला.

शुक्रवार, ६ जून

नाशिकच्या कंपनीच्या वर्कशॉपला फोन केला. लक्षणं ऐकून मुलगी गोड आवाजात म्हणाली, दोन ऑक्सिजन सेन्सर बदलावे लागतील, बावन्न हजार, मजुरी वेगळी, माल परदेशातून येतो, सहा आठवडे.

मी विचारलं, असतो केवढा हा सेन्सर? म्हणाली, अंगठ्याएवढा.

अंगठ्याएवढा! मग मी बोलले. मक्तेदारीवर बोलले, ज्याने वस्तू विकत घेतली त्याच्या दुरुस्तीच्या हक्कावर बोलले, जहागिऱ्या गेल्या पण जहागीरदार काचेच्या इमारतींत बसलेत यावर बोलले. अकरा मिनिटं.

"मॅडम, आपला कॉल रेकॉर्ड होतो आहे."

"होऊ दे! तुझ्या साहेबांना ऐकव!"

ती हसली बिचारी. म्हणाली, "मॅडम, माझे वडील धुळ्याचे. तिथे आग्रा रोडला भूपेंद्र मिस्त्री म्हणून आहेत. मी सांगितलं म्हणू नका."

सोमवार, ९ जून

धुळ्याला गेले. एवढ्या हळू चालवली की पारोळ्याजवळ एक ट्रॅक्टर हॉर्न देऊन पुढे गेला.

भूपेंद्र मिस्त्री चाळिशीचा. चष्मा दोरीने गळ्यात, बोलणं तोलूनमापून. दोन्ही बाजूंना ट्रकच्या बॉड्या ठोकणाऱ्यांचा दणदणाट, आणि हा शांतपणे गाडीला वायर जोडून पाटीएवढ्या यंत्रात बघतोय. मग मला समजावलं : धूर जाण्याच्या नळीत दोन नाकं बसवलेली असतात. ती हुंगतात आणि इंजिनला सांगतात, पेट्रोल जास्त झालं, कमी झालं. "आते नाकच मरी गयं अक्का. इंजिनले वास येत नही. मग ते अंदाधुंद पेट्रोल पेस."

अशा राजवटी पुष्कळ पाहिल्यात मी!

"जुनं दुखणं शे," म्हणाला. म्हटलं, गाडी जुनी, मालकीणही जुनी. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून यंत्रातला अहवाल छापून दिला — लांबलचक, इंग्रजी, नुसते आकडे. "वाची ल्या, अक्का."

काय वाचायचं त्यात? रोग माहीत आहे, गुन्हेगारही माहीत आहे. घडी घालून या वहीत ठेवला.

रविवार, १५ जून

ऑनलाइन मागवले! दोन सेन्सर, एकोणीसशे रुपयांत, 'सर्व गाड्यांना चालणारे'. बावन्न हजार कुठे! भूपेंद्रला फोनवर सांगितलं तर नुसता "हूं" म्हणाला. या देशात माहितीवाल्या माणसांना लोकांचा आनंद बघवत नाही.

शनिवार, २१ जून

भूपेंद्रने खोकं उघडलं, तारा मोजल्या. "अक्का, पुढला जागाले पाच तारा लागतस. ह्या चारच शेतस."

मी म्हटलं, एका तारेने काय अडतं? तो म्हणाला, अडतं. मी दहा मिनिटं युक्तिवाद केला. कमीत कमी साधनांत माणसाने काय काय घडवलं याचे सात दाखले दिले. शेवटी त्याने हात जोडले, तारा जोडल्या, सेन्सर बसवले, दिवा घालवला.

वादात मी जिंकले. गाडी हरली. पारोळ्याच्या नाक्यावर भर दुपारी बंद! सहा जणांनी ढकलून बाजूला लावली. त्यातल्या एका काकडीवाल्याने स्कार्फमधून मला बरोबर ओळखलं. "अक्का? तुम्ही? ही तुमची गाडी?"

"नाही हो! पाव्हण्यांची."

लिहितानाही कान तापतात. तीस वर्षांत जाहीरपणे बोललेलं हे पहिलं खोटं. आणि तेही काकडीवाल्याशी, ज्याने नंतर मीठ लावून काकडी दिली.

गाडी टोचन लावून धुळ्याला परत. भूपेंद्र एक शब्द बोलला नाही. त्याने बोलायला हवं होतं.

बुधवार, २ जुलै

भूपेंद्रचा फोन! माणूस गेले दहा दिवस माझाच विचार करत होता. जुना मेलेला सेन्सर त्याने रॉकेलने धुतला, भिंग लावलं, तर अंगावर दहा आकडी नंबर खोदलेला. तोच नंबर एका साध्या, घरगुती गाडीच्या सेन्सरवर — ती तर धुळ्यात टॅक्सीवालेसुद्धा चालवतात!

म्हणजे असं : गाडीची कंपनी सेन्सर बनवतच नाही. बनवणारा तिसराच. तो एकाच भट्टीतून काढतो. अर्धे लाल गाडीच्या खोक्यात जातात, अर्धे साध्या खोक्यात. मागच्या नाकाचंही तसंच. दिल्लीच्या बाजारात साध्या खोक्यातले दोन्ही अठरा हजारांत. माझ्या पेन्शनला झेपेल.

वस्तू तीच. खोकं वेगळं. आणि किंमत, मान, प्रतीक्षा सगळं खोक्यावरून! या समाजावर मी आजवर जे बोलत आले ते एका अंगठ्याएवढ्या लोखंडात! घरात येरझाऱ्या घालत मायला सगळं ऐकवलं.

माय म्हणाली, "मंग आन ना दिल्लीथून. भाशन कोनले दी राहिनी?"

शनिवार, ५ जुलै

दिल्लीचा दुकानदार नमुना हातात बघितल्याशिवाय माल देत नाही — तारेची लांबी, खाचा, सगळं जुळवून देतो. भूपेंद्र म्हणाला, कुरिअरपेक्षा केळीवाले बरे. रावेरहून रोज केळीचे ट्रक दिल्लीला जातात. येताना ड्रायव्हर लोकांची औषधं, चपला, पंपाचे भाग, सगळं आणतात. विश्वासाचं काम.

एसटीने रावेरला गेले. (बसमध्ये उभी. मनाला बरं वाटलं.) ड्रायव्हर गिरधरभाऊ केळीचे घड लावून घेत होते. मिशा पांढऱ्या, आवाज मोठा. मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले दोन मेलेले सेन्सर त्यांच्या हातात दिले.

"हे काय अक्का, स्फोटक आहे का?"

"नाक आहे. गाडीचं."

"तुमचं भाषण ऐकलंय मी सावद्याला. एसटीवर बोलता, शेतकऱ्यावर बोलता. ट्रकवाल्यावर कधी बोलणार? तीन दिवस झोप नाही आम्हाला."

बोलणार. खरंच बोलणार. इतकी वर्षं कसं सुचलं नाही?

शुक्रवार, ११ जुलै

गिरधरभाऊंचा फोन. केळी उतरली. दुकानदाराने पाच मिनिटं भिंगातून पाहिलं, मग फळीवरून दोन खोकी काढून दिली. पाच तारा! मोजायला लावल्या मी. दोनदा.

सोमवार, १४ जुलै

काही बातमी नाही. ट्रक इंदूरला परतीच्या मालासाठी थांबलाय म्हणे. अठरा दिवस उरले.

गुरुवार, १७ जुलै

आले! रावेरला जाऊन घेतले. खोक्यांना उदबत्तीचा वास, वर कुंकवाचं एकेक बोट. गिरधरभाऊंनी सबंध वाट केबिनमधल्या देवाच्या फळीवर ठेवले होते. "म्हटलं, अक्काचा ऑक्सिजन आहे, खाली कसा ठेवू?"

मी आयुष्यभर कर्मकांडावर तोफा डागल्या. आज ते कुंकू पुसावंसं वाटलं नाही.

शनिवार, १९ जुलै

धुळे. मायही आली, ऐकेना. भूपेंद्रने आधी इंजिन तापवलं, मग बावीस नंबरचा लांब पाना घेतला. पान्याला एका बाजूने उभी चीर, तार बाहेर काढायला. विकत मिळतो तसा, पण याने स्वतः कापलेला. तो चार तारांचा सेन्सर सुटताना जी किंचाळी फुटली! माय म्हणाली, दात काढताना तुझा बाप असाच ओरडला होता.

नवे बसले. चालू. दिवा गेला!! वास गेला, धाप गेली. भूपेंद्र चष्मा पुसत म्हणाला, "आते पळाडा, अक्का." मी पाया पडायचीच बाकी होते. त्याला म्हटलं, तारेच्या वादात तू बरोबर होतास. म्हणाला, "माले माहीत व्हतं."

गाडी आता विकली जायला अगदी तयार आहे.

रविवार, २० जुलै

पारोळ्याला एसटीची सभा. बसने गेले. सभेनंतर काकडीवाला पुढे आला. सगळ्यांदेखत विचारतो, "अक्का, पाव्हण्यांची गाडी बरी झाली ना?"

तोंड लाल. नाही, हे बरं नाही. हितेंद्रला सगळं सांगायचं. दिवा गेला म्हणून गुन्हा जात नाही.

बुधवार, ३० जुलै

कबुलीचं भाषण तयार करते आहे. या वहीतून भूपेंद्रचा कागद पडला, पाठकोरा आहे, त्याच्याच मागे मुद्दे काढले :

— विश्वास. तू ठेवलास, मी मोडला.
— अडीच हजारांहून जास्त किलोमीटर. लपवणार नाही.
— दिवा माझ्यामुळे लागला. दुरुस्ती मी केली. हिशेब फिटला असं मानत नाही.
— मायला यात ओढायचं नाही.
— शेवटी : विकू नकोस. (विनंती. मागणी नव्हे!)

मोठ्याने म्हणून पाहिलं. चार मिनिटं. तिसऱ्या मुद्द्याला आवाज जरा खाली.

शुक्रवार, १ ऑगस्ट

आला. काळा झालाय, पोट सुटलंय. बॅग टाकून आधी गाडीकडे. चालू केली आणि कितीतरी वेळ काट्यांकडे बघत बसला. खिडकीतून म्हणाला, "अक्का, तो दिवा..."

मी घाईने म्हटलं, "कुठला दिवा?"

"काही नाही," म्हणाला.

नाशिकवाला सोमवारी येतोय.

शनिवार, २ ऑगस्ट

आज इतिहास घडला! क्रमाने लिहिते.

सकाळी कानबाईच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजायचे होते. आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्याच नावाने सव्वा मूठ पडते. दरवर्षी माझं भांडण, दरवर्षी हरते. यंदा म्हटलं, आधी कबुली. हितेंद्रला खुर्चीत बसवलं. मी समोर उभी, हातभर अंतरावर. चष्मा मायकडे राहिला, म्हणून कागद लांब धरून वाचावा लागला. पण आवाज लागला होता.

पहिल्या मुद्द्याला तो हसत होता. दुसऱ्याला हसू गेलं. तिसऱ्याला — "दिवा माझ्यामुळे लागला" — त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. समोर कागदावर खिळलेली. श्रोता आतून हलला की असाच एका जागी बघतो, हे मी हजार सभांत पाहिलंय. कानाच्या पाळ्या लाल. मान खाली.

"अक्का, पुरे."

"पुरे नाही! मला बोलू दे."

"पुरे गं. नाशिकवाल्याला नको म्हणून सांगतो. गाडी इथेच राहू दे. तूच चालव. मायला फिरव."

पाचवा मुद्दा तर अजून यायचा होता! विनंती करायच्या आधीच मान्य!

आणि मग तो उठला, सुपाशी गेला आणि कुणी न सांगता माझ्या नावाची सव्वा मूठ टाकली. मायच्या नावाचीही टाकली. सणाला जमलेले चुलते बघतच राहिले.

शब्दांत ताकद असते. मनापासून बोललेलं चार मिनिटांचं भाषण तीस वर्षांच्या सभांना भारी पडलं. आज मला वक्ता म्हणून कुणाकडून काही नको.

सोमवार, ४ ऑगस्ट

कानबाईला नदीवर पोचवून आलो. वाटेत फुगडी घातली, गुडघे दुखतात. माय गाडीतून आली, काच खाली करून सगळ्यांना हात हलवत. हितेंद्र चालवत होता. फार हळू. मायने त्यालाही सांगितलं — "हाई काय बैलगाडी शे?"

मंगळवार, ५ ऑगस्ट

हितेंद्र सकाळच्या गाडीने गेला. चहा घेऊन.

गाजलेलं भाषण जपून ठेवावं म्हणून कागद वहीत चिकटवायला घेतला. डिंक लावायला उलटा केला. चष्मा डोळ्यांवर होता.

भूपेंद्रने दिलेला अहवाल. सेन्सरचा बिघाड. पहिली नोंद : ६१,८७० किलोमीटर. आजवर किती वेळा : नऊ.

वहीचं पहिलं पान काढलं. गाडी दारात आली त्या दिवशीचा आकडा : ६२,४१०.

शनिवारी कागद मी लांब धरला होता. माझे मुद्दे माझ्याकडे. ही छापील बाजू त्याच्या डोळ्यांसमोर.